करारातली चतुःसीमा : कंपनीचं विलीनीकरण की विक्री, हे ठरतं कसं?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. प्राथमिकच्या बाईंनी कंपनी कायद्यावर का लिहावं, असं तुम्हाला वाटेल. त्यामागे एक छोटीशी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी पालकसभेनंतर चौथीतल्या एका मुलीचे वडील थांबले. जवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते अकरा वर्षांपासून कामाला आहेत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कारखान्याचं इंग्रजी पत्र होतं. "मॅडम, कंपनी दुसऱ्या कंपनीत मर्ज झाली म्हणतात. माझी अकरा वर्षं धरणार की पुन्हा नव्यानं सुरुवात? एवढं वाचून सांगा."

मी पत्र दोनदा वाचलं. त्यात 'मर्जर' हा शब्द कुठेच नव्हता. गेटवर, चहाच्या टपरीवर सगळे 'मर्ज' म्हणत होते, पण कागदावर वेगळंच लिहिलं होतं. उत्तर द्यायचं तर आधी मलाच अभ्यास करावा लागला. तो अभ्यास आज तुमच्यापुढे ठेवते. अकरावी-बारावी वाणिज्यचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे आणि नोकरी करणारे पालक, सगळ्यांनाच तो उपयोगी पडेल.

१. खरेदीखतापासून सुरुवात करूया

जमिनीचं खरेदीखत आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. त्यात काय काय असतं, आठवा. 'लिहून देणार' कोण, 'लिहून घेणार' कोण, गट नंबर, क्षेत्र, मोबदल्याची रक्कम, ताबा दिल्याची तारीख. आणि सगळ्यात महत्त्वाची चतुःसीमा : पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. चतुःसीमा चुकली की विहीर कोणाची यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात.

कंपन्यांच्या करारातही हेच असतं. फरक एवढाच की कंपनीला ओढा-रस्ता नसतो, म्हणून तिची हद्द शब्दांनी आखावी लागते. हे काम करारातल्या व्याख्या करतात. मोठ्या कराराची पहिली कित्येक पानं नुसत्या व्याख्यांचीच असतात. इंग्रजी करारात ज्या शब्दाची व्याख्या दिलेली असते, तो शब्द पुढे प्रत्येक ठिकाणी मोठ्या लिपीतल्या पहिल्या अक्षराने लिहितात. वाचणाऱ्याला कळावं की हा शब्द रोजच्या अर्थाने वापरलेला नाही, याचा अर्थ पहिल्या पानावर बघा. मराठीत मोठी लिपी नाही, म्हणून आपण 'यापुढे ज्यांचा उल्लेख लिहून देणार असा केला आहे' असं लिहितो. युक्ती तीच.

आता चतुःसीमेसारखेच चार प्रश्न पाठ करून ठेवा :

१) कोण? (देणारा कोण, घेणारा कोण)
२) काय? (नेमकं काय हातातून हाती जातं)
३) कशाच्या बदल्यात? (पैसे, की शेअर)
४) केव्हापासून? (कोणत्या तारखेपासून)

व्यवहाराला लोक काय म्हणतात याला महत्त्व नाही. या चार प्रश्नांची उत्तरं जी असतील, तोच व्यवहार.

२. पहिला प्रकार : विलीनीकरण

विलीनीकरणात एक कंपनी दुसरीत मिसळून जाते आणि पहिलीचं अस्तित्व संपतं. कायद्याच्या मराठीत देणारीला 'हस्तांतरक कंपनी' आणि घेणारीला 'हस्तांतरिती कंपनी' म्हणतात. नावं जड वाटली तर 'देणारी' आणि 'घेणारी' एवढं लक्षात ठेवा.

आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २३० ते २३२ मध्ये याची पद्धत दिली आहे. योजना तयार करायची, ती भागधारक आणि धनको यांच्यापुढे ठेवायची. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक बाजूने हवेत आणि त्यांच्या हातात मूल्याच्या हिशेबाने किमान तीन-चतुर्थांश हिस्सा हवा. मग राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी घ्यायची. घेणारी कंपनी आधीपासूनची असेल तर ते 'सामावून घेऊन' झालेलं विलीनीकरण आणि दोन्ही मिळून नवीच कंपनी निघाली तर 'नवी कंपनी स्थापून' झालेलं विलीनीकरण, असे दोन प्रकार कायदाच सांगतो.

१९६१ च्या आयकर कायद्याने तर एकत्रीकरणाची व्याख्या करताना तीन अटी घातल्या. देणारीची सगळी मालमत्ता गेली पाहिजे, सगळी देणी गेली पाहिजेत आणि मूल्याच्या हिशेबाने किमान तीन-चतुर्थांश शेअर ज्यांच्याकडे आहेत ते भागधारक घेणारीचे भागधारक झाले पाहिजेत. पुढे असंही सांगितलं की एकीने दुसरीची मालमत्ता नुसती विकत घेतली तर ते एकत्रीकरण नव्हे. म्हणजे विक्री वेगळी आणि विलीनीकरण वेगळं, ही रेघ कायद्यानेच मारली आहे.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. एचडीएफसी लिमिटेड ही घरकर्ज देणारी कंपनी १९७७ साली सुरू झाली. ती एचडीएफसी बँकेत विलीन होणार अशी घोषणा ४ एप्रिल २०२२ रोजी झाली. न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने मार्च २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि १ जुलै २०२३ पासून विलीनीकरण अमलात आलं. आता चार प्रश्न लावून बघा.

कोण? देणारी एचडीएफसी लिमिटेड, घेणारी एचडीएफसी बँक.
काय? सगळं. कर्जं, ठेवी, इमारती, देणी, सगळं.
कशाच्या बदल्यात? पैसे नाहीत, शेअर. एचडीएफसी लिमिटेडच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर. ज्याच्याकडे १०० शेअर होते त्याला १६८ मिळाले.
केव्हापासून? १ जुलै २०२३.

ज्यांचं घरकर्ज आधीच्या कंपनीकडे होतं, त्यांनी नवा करार केला नाही, तरी त्यांचा धनको बदलला. कारण कर्जाचे करार हे 'काय?' या उत्तराच्या आत होते. शिवाय कर्जाच्या करारात धनकोची व्याख्या करताना 'त्यांचे उत्तराधिकारी यांसह' असे शब्द बहुधा असतातच. खरेदीखतातल्या 'वालीवारस' या शब्दाचा हा भाऊच समजा.

३. तारीख एक नसते, दोन असतात

इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. विलीनीकरणाच्या योजनेत 'नियत दिनांक' सांगावाच लागतो. कलम २३२ म्हणतं की योजना त्या दिवसापासून लागू झाली असं धरलं जाईल. पण मंजुरीचा आदेश हातात पडून, तो कंपनी निबंधकाकडे दाखल होऊन काम प्रत्यक्षात पुरं होतं ती तारीख पुढची असू शकते.

समजा, नियत दिनांक १ एप्रिल आहे आणि सगळं पुरं झालं १० नोव्हेंबरला. मग मधल्या सात महिन्यांचा नफा-तोटा कोणाचा? घेणारीचा. या काळात देणारी कंपनी धंदा चालवते तो घेणारीची विश्वस्त म्हणून, असं योजनेत लिहिलेलं असतं. लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळी असते ना, तसंच काहीसं. वाढदिवस कोणता साजरा करायचा हे आधी ठरलेलं बरं!

४. दुसरा प्रकार : शेअरची खरेदी

यात कंपनी जागच्या जागी राहते, फक्त तिचे मालक बदलतात. करारात 'विक्रीचे शेअर' अशी व्याख्या असते : कोणत्या कंपनीचे, किती, कोणाच्या नावावरचे. कारखाना, यंत्रं, कामगारांचे करार, बँकेचं कर्ज हे सगळं कंपनीच्याच नावावर राहतं. जुनी देणीही कंपनीच्या पोटातच राहतात. म्हणून विकत घेणारा करारात विक्रेत्याकडून लेखी हमी लिहून घेतो : कर भरलेला आहे, अमुक खटल्यांशिवाय दुसरे खटले नाहीत, वगैरे.

'काय विकलं?' या एका प्रश्नावर केवढा वाद होऊ शकतो, हे व्होडाफोनच्या खटल्यात दिसलं. २००७ साली व्होडाफोनच्या नेदरलँड्समधल्या कंपनीने हचिसन समूहाकडून केमन बेटांवरची सीजीपी नावाची कंपनी घेतली. व्यवहार सुमारे ११ अब्ज डॉलरचा. कागदावर विकला गेला होता सीजीपीचा एक शेअर. पण त्या एका शेअरच्या मागे कंपन्यांची साखळी होती आणि साखळीच्या शेवटी होता भारतातल्या हचिसन एस्सार या मोबाईल कंपनीतला ६७ टक्के हितसंबंध.

आयकर विभागाचं म्हणणं, खरा माल भारतात आहे, तेव्हा कर इथे भरा. व्होडाफोनचं म्हणणं, आम्ही परदेशातल्या कंपनीचा शेअर परदेशात घेतला, भारतातली मालमत्ता घेतलेली नाही. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात विभागाची सरशी झाली. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. व्यवहार तुकडे करून न बघता पूर्ण बघायचा, आणि पूर्ण बघितला तर ही शेअरची विक्री आहे, मालमत्तेची नव्हे, असं न्यायालयाने ठरवलं. त्यानंतर सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलला, तोही मागच्या तारखेपासून, थेट १९६२ पासून! त्यावरून आंतरराष्ट्रीय लवाद झाला आणि २०२१ मध्ये ती मागच्या तारखेची आकारणी सरकारने मागे घेतली.

बघा, हजारो कोटींचा वाद आणि मूळ प्रश्न चौथीच्या व्याकरणातला : वाक्यातलं कर्म कोणतं? 'शेअर' की 'मालमत्ता'?

५. तिसरा प्रकार : धंद्याची विक्री

इथे कंपनी विकत नाहीत, कंपनीचा एखादा धंदा किंवा कारखाना विकतात. याच्या दोन पद्धती आहेत.

एक, नगावारी : हे यंत्र एवढ्याला, ती इमारत तेवढ्याला. यात यादीत आहे तेच जातं. यादीत नाही ते विकणाऱ्याकडेच राहतं.

दुसरी, उक्ती. आंब्याची बाग उक्ती देतात तेव्हा झाडागणिक भाव लावत नाहीत, अख्ख्या बागेचा एक आकडा ठरतो. कायद्यात याला 'स्लम्प सेल' म्हणतात. प्रत्येक मालमत्तेची आणि देण्याची वेगळी किंमत न लावता अख्खा उपक्रम एकरकमी मोबदल्यात देणे, अशी त्याची व्याख्या. या करारात 'उपक्रम' शब्दाची व्याख्या फार जपून लिहितात. काय येतं याची यादी असते, आणि 'वगळलेली मालमत्ता', 'वगळलेली देणी' अशाही याद्या असतात. वाचताना आधी वगळलेल्याची यादी वाचा, खरी गंमत तिथे असते.

६. 'म्हणजे' आणि 'यात समावेश होतो'

व्याख्येत दोन शब्दप्रयोग नेहमी येतात. 'म्हणजे' आलं की दार बंद. सांगितलं तेवढंच, बाकी नाही. 'यात समावेश होतो' आलं की दार किलकिलं. सांगितलेलं तर आहेच, त्याच जातीचं आणखीही काही आत येऊ शकतं.

कंपनी कायद्यातली 'नियंत्रण' या शब्दाची व्याख्या दुसऱ्या प्रकारची आहे. बहुसंख्य संचालक नेमण्याचा हक्क किंवा कंपनीचं धोरण ठरवण्याचा हक्क यांचा नियंत्रणात समावेश होतो, मग तो हक्क शेअरमुळे असो, करारामुळे असो की अन्य रीतीने. म्हणजे ५१ टक्के शेअर नसले तरी नियंत्रण असू शकतं.

पण किलकिल्या दारातून माणूस आत जातो का? हा प्रश्न इंग्लंडमध्ये एका खाण कामगाराच्या खटल्यात आला. यॉर्कशायरमधला नोक्स नावाचा कामगार हिकल्टन मेन या कोळसा कंपनीत होता. १९३७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती कंपनी डॉनकॅस्टर अमॅल्गमेटेड कोलियरीज या कंपनीत गेली. नोक्स कामावर आला नाही म्हणून नव्या कंपनीने त्याच्याकडून भरपाई मागितली. तो म्हणाला, माझा करार तुमच्याशी झालेलाच नाही. कंपनी म्हणाली, कायद्यात 'मालमत्ता' या शब्दात सगळे हक्क आणि अधिकार येतात, तुझ्या नोकरीचा करारही त्यात आला.

१९४० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने नोक्सच्या बाजूने निकाल दिला. कोणाची चाकरी करायची हे माणूस स्वतः ठरवतो. यंत्रासारखं त्याला न विचारता दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मालमत्तेची व्याख्या कितीही रुंद असली तरी माणसाच्या सेवेचा करार तिच्यात आपोआप बसत नाही.

या निकालाला दुसरी बाजूही आहे. करार आपोआप जात नाही, तर नोकरीही आपोआप टिकत नाही! म्हणूनच आपल्याकडे विलीनीकरणाच्या योजनेत कामगारांसाठी वेगळं कलम घालतात : सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर ते घेणारीचे कर्मचारी होतील. धंदा हस्तांतरित होताना काय, हे औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफएफने सांगितलं. किमान वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई द्यावी लागते. ती टाळायची तर तीन गोष्टी हव्यात : सेवेत खंड नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुनी वर्षं धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर हवी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही अशीच तरतूद आहे.

७. अकरा वर्षांची किंमत किती?

आता त्या पालकांच्या पत्राकडे येऊ. पत्रातलं वाक्य असं होतं की कारखान्याचा उपक्रम एकरकमी मोबदल्यात दुसऱ्या कंपनीकडे हस्तांतरित होत आहे. म्हणजे मर्जर नव्हे, उक्ती विक्री. जुनी कंपनी तशीच राहणार, कारखाना जाणार. अशा वेळी 'कामगार' कुठल्या यादीत आहेत, हाच खरा प्रश्न.

खंड पडला तर बिघडतं काय, हे ग्रॅच्युइटीच्या हिशेबाने बघू. १९७२ च्या कायद्याचं सूत्र : शेवटचा पगार (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता) × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं.

समजा, आज पगार १८,२०० आहे. एका वर्षाची ग्रॅच्युइटी १०,५००. अजून नऊ वर्षांनी पगार ३६,४०० झाला, तर एका वर्षाची २१,०००.

सेवा सलग धरली : २० वर्षं × २१,००० = ४,२०,००० रुपये.
सेवा तुटली : जुन्या पगारावर ११ × १०,५०० = १,१५,५०० आणि नव्या पगारावर ९ × २१,००० = १,८९,०००. एकूण ३,०४,५०० रुपये.

फरक १,१५,५०० रुपयांचा. तोही जुन्या कंपनीने तिचा वाटा वेळेवर दिला तर. एका मुलीचं बारावीनंतरचं शिक्षण 'सेवेत खंड न पडता' या चार शब्दांवर अवलंबून आहे.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मर्ज झाली का विकली, हे विचारू नका. लेखी तीन गोष्टी मागा. माझी मूळ रुजू तारीख कायम आहे का? अटी आधीच्याच आहेत का? आणि जुन्या वर्षांची देणी नव्या कंपनीने स्वीकारली आहेत का?" ते आणि त्यांचे सहकारी मिळून गेले. तीन आठवड्यांनी सगळ्यांना पुरवणी पत्र मिळालं. त्यात रुजू तारीख अकरा वर्षांपूर्वीचीच होती आणि बाकी दोन्ही गोष्टीही होत्या. ते पत्र दाखवायला ते शाळेत आले, तेव्हा मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "बाई, पप्पांची परीक्षा होती का?" होतीच की, आणि माझीही!

लक्षात ठेवा

- नाव बघू नका, व्याख्या बघा.
- विलीनीकरणात कंपनी संपते, शेअर खरेदीत मालक बदलतो, धंद्याच्या विक्रीत यादी बोलते.
- 'म्हणजे' आणि 'समावेश होतो' यांत फरक आहे.
- नियत दिनांक आणि काम पुरं झाल्याची तारीख वेगळी असू शकते.
- आपल्या नोकरीच्या, कर्जाच्या कागदावर शंका असेल तर सही करण्याआधी जाणकार वकिलाला किंवा कामगार संघटनेला दाखवा.

स्वाध्याय

१) एचडीएफसी लिमिटेडचे ७५ शेअर असणाऱ्याला बँकेचे किती शेअर मिळाले असतील?
२) घरातलं एखादं खरेदीखत घ्या. त्यात आपले चार प्रश्न आणि 'समावेश' हा शब्द शोधा.
३) एका कंपनीने दुसरीची फक्त यंत्रं आणि गोदाम विकत घेतलं. हे विलीनीकरण आहे का? कारणासह लिहा.
४) नोक्सच्या निकालाने कामगाराचं काय वाचलं आणि कोणती नवी अडचण आली? पाच ओळींत सांगा.

उत्तरं वहीत लिहा. पुढच्या पाठात भागीदारीचा करार घेऊया. तोपर्यंत वाचत राहा, आणि सही करण्याआधी पहिलं पान नक्की वाचा!